त्याच्या भावाकडून

सावद्याच्या स्टेशनाबाहेर, केळीच्या वॅगनी भरायच्या रात्री,
जुम्मा तडवीनं घड कापायच्या विळ्यानं
माझ्या भावाला, लुकमानला, मारलं.
भांडण दोनशे चाळीस रुपयांच्या हमालीचं.
कागदावर त्याचं 'आर्थिक वाद' झालं.

चार वर्षं भुसावळच्या कोर्टात तारखा.
प्रत्येक तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो,
लग्नाला गेल्यासारखा.
सरकारी वकील म्हणाले, यात फाशी बसायची नाही भो,
पण मागून ठेवू.
मी म्हटलं, मागा साहेब, जोरात मागा.

मदरशातलं मला एवढंच आठवत होतं:
जिवाला जीव.
पुढचं कोणाला आठवतं?

आई, हुर्मतबाई, अक्षरशत्रू,
एका जुम्म्याला हाफिजजींच्या दारात बसली
पदरात ओंजळभर शेंगा घेऊन.
म्हणाली, मला पुढचं सांगा.

हाफिजजींनी चष्मा पुसला. ओळीवर बोट ठेवलं,
नखात पेरूच्या कलमाची माती.
म्हणाले, इथं बदल्याचं सगळं सांगून झालंय,
कोणाच्या बदल्यात कोण.
आणि त्याच दमात, मारणाऱ्याबद्दल बोलताना,
मेलेल्याच्या माणसाला नाव दिलंय: त्याचा भाऊ.
त्याच्या भावानं काही सोडून दिलं, तर.

कोणाचा भाऊ?
ज्यानं मारलं, त्याचा.
म्हणजे मी?

बाहेर एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.
मी म्हटलं, छापताना चूक झाली असेल.
हाफिजजी म्हणाले, चौदाशे वर्षांत
कोणीतरी दुरुस्त केली असती.
आईनं शेंगा तिथंच ओतल्या
आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

निकालाच्या दिवशी ती उठून उभी राहिली.
साहेब, माह्या किताबात हे माह्या हातात आहे.
मारायचं, का सोडायचं, का पैसे घ्यायचे,
वारसाला इचारतात.
तुम्ही मला इचारलंच नही.

न्यायाधीश वाईट नव्हते. पेन खाली ठेवलं त्यांनी.
बाई, मुलगा तुमचा गेला,
पण गुन्हा राज्याविरुद्ध आहे.
राज्यानं कुठं पाजलं होतं त्याला? आई म्हणाली.
हे टायपिस्टनं घेतलं नाही.

जन्मठेप. पाच हजार दंड.
दंड सरकारजमा.

रमजानच्या आधी जुम्माची आई आली, सुगराबाई,
डालड्याच्या जुन्या डब्यात शेळ्यांचे पैसे घेऊन.
मला वाटलं, आई डबा अंगणात फेकेल.
तिनं मोजले. थुंकी लावून, दोनदा.
एक फाटकी नोट बदलून मागितली.
सगळे उचलून लुकमानच्या जैतूनपुढे ठेवले
आणि मग सुगराबाईला कळण्याची भाकर वाढली,
वर मिरचीचा ठेचा, तेल जरा जास्तच.
दोघी जेवल्या. बोलल्या नाहीत.
मी ओट्यावर उभा होतो, माझं ताट कोणी वाढलं नाही.

मी काहीच सोडून दिलेलं नाही, हे लिहून ठेवतो.
आईनं दिलं असेल, ते तिचं.
वॅगन भरताना विळा हातात येतो
तेव्हा आजही मी त्याची मान शोधतो,
आणि मग घड कापतो, कारण घड कापायचे असतात.

नाशिकच्या जेलातून वर्षाला एक पत्र येतं.
अक्षर दुसऱ्याच कोणाचं.
पहिली ओळ: भाऊ.
आता सावद्यात कोणीही कोणालाही भाऊ म्हणतं,
कंडक्टर म्हणतो, पानवाला म्हणतो,
उधारी मागणारा तर हमखास म्हणतो.
त्यात काय एवढं.

मी एक आंतरदेशीय पत्र आणून ठेवलंय,
कपाटात, लुकमानच्या आधार कार्डाखाली.
लिहायचं काय ते पाठ आहे:
आईची तब्येत, तुझ्या आईची तब्येत,
केळीचा भाव पडला, शेळ्या पुन्हा घेतल्या दोन.
मायना तेवढा सुचत नाही.